बहिष्काराआधी क्लबाचा मालक कोण ते कागदावर बघा

प्रश्न विचारणारा मुलगा नागपुरातल्या इंदोऱ्याकडचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "आमचा जुना फुटबॉल क्लब दोन हंगामांपूर्वी एका पैसेवाल्या गृहस्थांनी विकत घेतला. क्लबाच्या नावाला त्यांच्या धंद्याचं नाव जोडलं, जर्सीचा रंग बदलला, तिकीट फक्त मोबाईलवर मिळायला लागलं, सामने आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी. पूर्वी उभं राहायला जागा नसायची, आता स्टँड रिकामा. आम्ही वीस-पंचवीस पोट्टे पूर्ण हंगामावर बहिष्कार घालायचं म्हणून राहिलो. बरोबर होईल का, सर?"

पूर्ण हंगामाचा बहिष्कार घालू नका. तुमचा राग खरा आहे आणि मला तो समजतो. पण तुम्ही ज्याला शिक्षा करायला निघाला आहात त्याला ती लागणारच नाही.

मी नागपुरात खेळलो, मग पोरांना शिकवलं, आणि गेली बावीस वर्षं स्पर्धांच्या आयोजनात आहे. मैदानावर फक्की मारण्यापासून गेटवर तिकीट फाडण्यापर्यंत आणि रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली गल्ला मोजण्यापर्यंत सगळं हातांनी केलेलं आहे. म्हणून आधी गल्ल्याचंच सांगतो.

समजा तिकीट १०० रुपये आणि माणसं ८००. गल्ला झाला ८० हजार. त्यातून मैदानाचं भाडं, रेफरी आणि लाईनमनचं मानधन, रुग्णवाहिका, मांडव-खुर्च्या, पाणी, सफाई, गेटवरची माणसं. हे वजा केलं की जे उरतं त्यात बाहेरून आणलेल्या एका चांगल्या खेळाडूचा महिनाही धड निघत नाही. पैसा लावणारा माणूस हे पहिल्या आठवड्यात ओळखतो. तो गल्ल्यासाठी आलेलाच नसतो. त्याला बॅनरवर नाव हवं असतं, बक्षीस समारंभात मंचावर बसायचं असतं, चार ठिकाणी ओळख वाढवायची असते. यात गैर काही नाही, अशा माणसांच्या पैशावर नागपूरच्या कितीतरी स्पर्धा चालल्या आहेत. पण तुमचे शंभर रुपये त्याच्या हिशेबातच नसतात, तर ते बंद केल्याने त्याला काय होणार? उलट तिसऱ्या वर्षी तो म्हणेल, "पाहा, पब्लिकच येत नाही," आणि हात झटकून मोकळा होईल. रिकामा स्टँड त्याच्या हातात आयतं कारण देतो.

हे मी अंदाजाने बोलत नाही. आपल्याच राज्यात बघा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय लीगचा विजेता. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. संघ मैदानावर वाईट खेळत होता म्हणून नव्हे, कंपनीचा निर्णय झाला म्हणून. पुण्यात २०१४ ला इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी आला, बालेवाडीत पाच हंगाम खेळला, पोरांनी नारंगी जर्स्या घेतल्या, ढोल घेतले, आणि २०१९ ला क्लब संपला. त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीने २०२१-२२ ला ती लीग जिंकलीसुद्धा. नंतर तिथे खेळाडूंचे पगार थकले आणि २०२५ ला तोच संघ दिल्लीला हलवला गेला. दोन शहरांतल्या प्रेक्षकांनी सहा-सात वर्षांत आपला क्लब जाताना पाहिला. दोन्हीकडे प्रेक्षकाला कोणी विचारलं नाही, कारण विचारायला लागेल अशी एक ओळही कुठल्या कागदावर नव्हती.

तुमची गोष्ट यापेक्षा बरी आहे, आणि ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. तुमचा क्लब जुना आहे. नागपूर-कामठीतले जुने क्लब बहुतेक करून नोंदणीकृत संस्था आहेत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसांनी एकत्र येऊन नोंदवलेल्या, आणि महाराष्ट्रात असल्यामुळे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदवलेल्या. अशा संस्थेला मालक नसतो. सभासद असतात, कार्यकारिणी असते, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, हिशेब तपासून द्यावे लागतात. पैसेवाल्या गृहस्थांनी क्लब "विकत घेतला" असं तुम्ही म्हणता, पण घेतलं काय? संस्था विकता येत नाही. बहुधा संघ चालवण्याचा काही वर्षांचा करार झालेला असणार. तो करार कार्यकारिणीने कोणत्या ठरावाने केला, किती वर्षांचा आहे, नाव आणि रंग बदलायची मुभा त्यात आहे का, हे तुम्ही विचारलंय का?

माझी खात्री आहे, विचारलेलं नाही. कारण पंचवीसपैकी एकही जण सभासद नसेल.

काही वर्षांपूर्वी अशाच एका जुन्या क्लबाच्या भानगडीत मी पडलो होतो. सगळे मालकाच्या नावाने ओरडत होते. मी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट एकची नक्कल काढली. परिशिष्ट एक म्हणजे संस्थेच्या नोंदवहीतला उतारा, त्यावर विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला तिथे सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. उताऱ्यावर अकरा नावं होती. त्यातली चार माणसं वारलेली होती. दोघं नागपूर सोडून गेले होते. नवीन गृहस्थांचं नाव कुठेच नव्हतं. म्हणजे ज्यांना सगळं शहर मालक समजत होतं त्यांचा कागदावर कवडीचा अधिकार नव्हता, आणि ज्यांचा होता ते झोपले होते. पुढच्या सर्वसाधारण सभेला जुने सभासद जमवले, नवीन सोळा जणांनी वर्गणी भरली, कार्यकारिणी बदलली, बदल अर्ज दिला. गृहस्थ गेले नाहीत. ते राहिले, पैसेही देत राहिले, फक्त जर्सी परत जुन्या रंगाची झाली आणि त्यांच्या कंपनीचं नाव छातीवर छापलं गेलं. क्लबाच्या नावात नाही. तेवढंच हवं होतं.

म्हणून पहिलं काम हे: क्लबाची नियमावली मिळवा, सभासदत्वाची अट आणि वर्गणी बघा, आणि पंचवीसच्या पंचवीस जण अर्ज करा. अर्ज हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा. मतदानाचा हक्क किती महिन्यांनी मिळतो ते नियमावलीत असतं, ते आधी वाचून घ्या, नाहीतर सभेच्या दिवशी बाहेर बसावं लागेल. संघ कंपनीच्या नावावर असेल तर हा रस्ता चालत नाही, मग कराराची मुदत आणि मैदान ही दोनच हत्यारं उरतात.

जर्मनीत हीच गोष्ट नियम करून ठेवली आहे. तिथे क्लबाच्या व्यावसायिक कंपनीत मताधिकाराचे निम्म्यापेक्षा एक मत जास्त सभासदांच्या संस्थेकडेच राहावं लागतं, पन्नास अधिक एक असं त्या नियमाला म्हणतात. जुने एक-दोन अपवाद आहेत. २०२३ च्या डिसेंबरात तिथल्या लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तर प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत लीगला तो बेत सोडावा लागला. लक्षात घ्या, ते स्टेडियममध्ये जाऊन चेंडू फेकत होते, घरी बसून नाही.

आता तिकिटाचं. इथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे, आणि ती मला अजून टोचते.

एका स्पर्धेत आम्ही गेटवरची खिडकी बंद करून सगळी तिकिटं मोबाईलवर केली. कारणं चांगली होती: गल्ल्यात घोळ होत होता, बनावट तिकिटं निघत होती, मोजदाद होत नव्हती. मी त्या निर्णयाला हो म्हटलं. पहिल्या सामन्याच्या दिवशी मार्चचं ऊन, दुपारचे सव्वातीन. मी गेटपाशी उभा. मिलमध्ये नोकरी केलेले एक काका आले, ज्यांना मी खेळत होतो तेव्हापासून पाहत आलो. सायकल कुंपणाला लावायची, डोक्यावरचा दुपट्टा काढायचा, चार घड्या घालून सिमेंटच्या पायरीवर ठेवायचा आणि त्यावर बसायचं, तेही कॉर्नरच्या झेंड्याच्या अगदी सरळ रेषेत. तीस वर्षं तीच जागा. गोलकीपर बाहेर यायला घाबरतो की नाही ते तिथूनच कळतं, असं ते म्हणायचे, आणि ते खरं आहे. त्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने त्यांना अडवलं. काका मला म्हणाले, "बापू, माह्याजवळ टचवाला फोन नाही. पैसे घे नं." हातात पन्नासच्या दोन नोटा होत्या, घामाने ओल्या. मी म्हटलं, "काका, तुम्ही या ना आत, तुमच्याकडून कोण तिकीट घेतो." ते म्हणाले, "फुकट काहून येऊ?" आणि सायकल काढून निघून गेले. नंतर मी त्यांना मैदानावर पाहिलं नाही.

त्या एका माणसाबरोबर त्यांचा नातू गेला, शेजारचे दोघं गेले, बर्डीवर चहा घेऊन एकत्र येणारी मंडळी गेली. गर्दी अशी जाते. कोणी घोषणा करून जात नाही. फुटबॉल बघणं ही सवय आहे: ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, बरोबरचे ठरलेले चौघं. यातली एक गोष्ट मोडली तर माणूस सांभाळून घेतो. दोन मोडल्या की येणं कमी करतो. तीन मोडल्या की त्याला आठवणही राहत नाही. टीव्हीवर रात्री दीड वाजता युरोपातले सामने दिसतात म्हणून मैदानं ओस पडली, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. टीव्ही कोझिकोड आणि कोलकात्यातही आहे, तरी तिथली मैदानं भरतात.

सवय म्हणजे काय ते २०१८ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. १ जूनला अंधेरीच्या स्टेडियममध्ये भारताने चिनी तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि बघायला माणसं होती २,५६९. छेत्रीने मग व्हिडिओ करून हात जोडले, शिव्या द्या पण मैदानावर या, असं सांगितलं. तीन दिवसांनी केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, स्टेडियम गच्च भरलं. मला त्या दिवशी आनंद झाला आणि काळजीही वाटली. देशाच्या कर्णधाराने विनंती केल्यावर एक संध्याकाळ भरते. पुढच्या संध्याकाळसाठी पुन्हा विनंती करणार का?

जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमचं उदाहरणही आपल्यासमोर आहे, खेळ वेगळा असला तरी. सदर भागातलं जुनं क्रिकेट मैदान शहराच्या पोटात होतं, ऑफिसातून सुटून माणूस चालत जायचा. २००८ पासून कसोटी सामने वर्धा रोडवर शहराबाहेर गेले. स्टेडियम देखणं आहे, पण कसोटीच्या पहिल्या सकाळी तिथे रिकाम्या खुर्च्या किती असतात ते नागपूरकरांना सांगायला नको. टी-ट्वेंटीला तोच रस्ता तुंबतो. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊला तिथे पोहोचून दिवसभर थांबणं नोकरदार माणसाला जमत नाही, इतकं ते साधं आहे. तुमच्या सामन्यांची दुपारची वेळ ही तीच गोष्ट आहे. बुधवारी तीन वाजता कोण येणार? ज्या मैदानावर दिवे नाहीत तिथे तीनशिवाय पर्याय नसतो हे मला माहीत आहे, पण मग शनिवार-रविवार तरी सामान्य प्रेक्षकाला द्या आणि बुधवारी शाळांच्या पोरांना आणा.

तिकिटाबाबत तुम्हाला आणखी एक गोष्ट ऐकवली जाईल: "जीएसटीमुळे भाव वाढवावा लागला." खेळाच्या सामन्याच्या प्रवेशाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. शंभर-दोनशेच्या तिकिटावर कर नाही. ॲपवाले जे वेगळं शुल्क लावतात ते मात्र असतं, आणि ते तिकिटाच्या भावात धरायचं की प्रेक्षकाच्या माथी मारायचं हा आयोजकाचा निर्णय आहे. ते विचारा.

आणि पास. यावर कोणी बोलत नाही. मधला चांगला स्टँड, सावलीतला, बहुतेक स्पर्धांत पासवाल्यांसाठी ठेवलेला असतो. पास जातात पुढाऱ्यांकडे, अधिकाऱ्यांकडे, प्रायोजकांच्या ओळखीच्यांकडे. ते येत नाहीत. पैसे देऊन आलेला माणूस समोर उन्हात बसून त्या रिकाम्या सावलीकडे बघत राहतो. यापेक्षा मोठा अपमान नाही. मी आता जिथे असतो तिथे नियम केला आहे की पहिली वीस मिनिटं झाली की पासांच्या रिकाम्या जागा सगळ्यांना मोकळ्या. पहिल्या वर्षी दोन मोठी माणसं रागावली. दुसऱ्या वर्षी वेळेवर आली.

बायका आणि मुलींबद्दलही लिहितो, कारण तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. नागपुरात खेळणाऱ्या मुली वाढल्या आहेत. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी सुरू केलेल्या फुटबॉलमध्ये आज मुलीही खेळतात, शाळा-कॉलेजांचे संघ आहेत. पण स्टँडमध्ये त्या दिसत नाहीत. एका आईला मी विचारलं होतं, पोरीचा सामना बघायला का येत नाही? ती म्हणाली, "सर, चार तास थांबायचं तर जायचं कुठे?" मैदानावर बाईसाठी स्वच्छतागृह नव्हतं. जे होतं त्याला कुलूप होतं आणि किल्ली माळ्याकडे. तुम्ही मागण्यांचा कागद कराल तेव्हा ही मागणी जर्सीच्या रंगाच्या वर लिहा.

मागण्यांचा कागद केलाच पाहिजे, आणि तो छोटा हवा. लिव्हरपूलचं उदाहरण मी सगळ्यांना देतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मालकांनी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं केलं. प्रेक्षकांनी ठरवलं, सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला उठून जायचं. सुमारे दहा हजार माणसं उठली. तेव्हा त्यांचा संघ २-० पुढे होता, सामना सुटला २-२ ने. काही दिवसांत मालकांनी माफी मागून भाव मागे घेतले. एक मागणी, एक आकडा, एक मिनिट. कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. कोलकात्यात मोहन बागान २०२० ला एटीके या संघात विलीन झाला तेव्हा १८८९ च्या क्लबापुढे दुसऱ्याचं नाव लागलं. तिथल्या प्रेक्षकांनीही 'एटीके काढा' ही एकच ओळ धरली, बॅनर, भिंती, मोबाईल, सगळीकडे तीच, तीन वर्षं. मार्च २०२३ ला संघाने लीग जिंकली आणि त्याच रात्री मालकांनी ते नाव काढत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या शेजारी ईस्ट बंगालमध्ये २०२१ ला क्लबाचे पदाधिकारी आणि गुंतवणूकदार यांचा करारावरून वाद चालला होता, तेव्हा प्रेक्षकांतच दोन तट पडले, क्लबासमोर जमले आणि लाठ्या खाल्ल्या. तिथेही प्रेम तेवढंच होतं, मागणी मात्र एक नव्हती.

तुमच्या पंचवीस जणांत आज किती मागण्या आहेत? पत्रात मी मोजल्या, सात. सातही बरोबर आहेत. पण या हंगामाला तीनच घ्या: गेटवर रोख पैशाची एक खिडकी, सामन्यांच्या तारखा किमान पंधरा दिवस आधी, आणि बायकांसाठी उघडं स्वच्छतागृह. नाव आणि रंग हे सर्वसाधारण सभेचं काम आहे, तिथे ठरावाने करा. या तीन गोष्टींना पैसा फार लागत नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारण सापडत नाही.

आणि दर सामन्याला पब्लिक मोजा. दोघांनी दोन बाजूंनी, दहाव्या मिनिटाला आणि उत्तरार्ध सुरू झाल्यावर. वही घाला, तारीख, वार, वेळ, ऊन-पाऊस, समोरचा संघ लिहा. सहा सामन्यांनंतर त्या वहीत दिसेल की बुधवारी किती होते आणि रविवारी किती. आयोजकांकडे असा हिशेब नसतो, मी आयोजक म्हणून सांगतो. वही घेऊन आलेल्या पोराला बैठकीत खुर्ची द्यावी लागते.

विरोध दाखवायचाच असेल तर एक सामना निवडा, आत जा, एक ठरलेलं मिनिट निवडा आणि त्या मिनिटाला जुन्या रंगाचे रुमाल काढून उभे राहा, तोंडातून शब्द न काढता. खेळाडूंना आधी सांगून ठेवा की हे तुमच्याविरुद्ध नाही. पोरं कच्ची असतात, मनाला लावून घेतात. रेफरीला त्रास द्यायचा नाही, मैदानात काही फेकायचं नाही, जर्मनीचं जर्मनीत. इथे एक बाटली पडली तर उद्या मैदानच मिळणार नाही.

सभासदत्वाच्या अर्जाचा आणि तीन मागण्यांचा मसुदा करा. शनिवारी संध्याकाळी पाचनंतर मी मोतीबागेत पोरांच्या सरावाला असतो. तिथे घेऊन या, वाचून देतो. येताना नियमावलीची प्रत मिळाली तर तीही आणा, सभेची नोटीस किती दिवस आधी द्यावी लागते ते आधी बघावं लागेल.